फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग

आपली फुप्फुसे अष्टौप्रहर हलत असतात, तरी छातीच्या पिंजऱ्याशी होणारे त्यांचे घर्षण आपल्याला जाणवत नाही. त्यांच्याभोवती एक दुपदरी, पातळ आवरण असते. त्याचा एक पदर फुप्फुसाला व दुसरा छातीच्या आतील अंगाला चिकटलेला असून, मधल्या अल्पशा द्रवामुळे ते एकमेकांवरून अलगद सरकतात. या आवरणाला क्वचित जडणाऱ्या कर्करोगास वैद्यकात मेसोथेलिओमा म्हणतात.

रोग विरळा खरा. पण त्याचे मुख्य कारण अज्ञात नाही. १९६० साली वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील अशा ३३ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. जवळजवळ सर्वांचा संबंध निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशी होता. परंतु त्यांत केवळ खाणकामगारच नव्हते. गृहिणी होत्या, गुरे राखणारे होते. पुढे १९६५ साली लंडनमधील पाहणीत, घरच्या कामगाराचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या स्त्रियाही या रोगाला बळी पडल्याचे आढळले.

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके सूक्ष्म असतात. श्वासावाटे आत गेलेले काही तंतू आवरणापर्यंत पोहोचतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. वर्षानुवर्षे तेथे दाह धुमसत राहतो आणि अखेरीस पेशींची वाढ बेबंद होते. याला बहुधा २० ते ५० वर्षे लागतात. तरुणपणी घेतलेल्या श्वासाचा जाब म्हातारपणी द्यावा लागतो, तो असा!

धाप लागणे, छातीत दुखणे, वजन घटणे व आवरणात पाणी साठणे ही त्याची लक्षणे होत. आपल्याकडे छातीत पाणी झाले की प्रथम क्षयाचा संशय येतो, आणि तो रास्तही असतो. परंतु औषधांनी गुण न आल्यास, किंवा पाणी पुनःपुन्हा भरू लागल्यास, आवरणाचा तुकडा काढून तपासणे अगत्याचे ठरते. औषधोपचारांनी, आणि अलीकडे शरीराची प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधांनी, आयुष्य काहीसे वाढते. रोग समूळ बरा होणे मात्र दुर्मीळच.

म्हणून खरा उपाय प्रतिबंध हाच. अनेक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. भारतात ते छपराच्या पत्र्यांत आजही वापरले जाते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की अशा कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपावी. रोगाची संथ चाल पाहता या मुदतीचे मर्म ध्यानी येते.

श्रोतेहो, जुने पत्रे कोरडे कापू वा फोडू नका. आणि वडीलधाऱ्यांना धाप लागली, तर त्यांनी तरुणपणी कोठे काम केले हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. रुग्ण स्वतः विसरलेला तो तपशीलच कित्येकदा निदानाची दिशा दाखवितो.