‘जेवलंस काय गो?’ एवढंच विचारून फोन ठेवू नका

कुडाळच्या आमच्या वस्तीतली एक मुलगी शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकायला गेली. नाव छापू नका असं तिनेच सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. तिला सोडायला स्टेशनवर निम्मी वस्ती आली होती. आईने कुळथाच्या पिठाची पिशवी शेवटच्या क्षणी हातात कोंबली आणि गाडी सुटेपर्यंत एकच सांगत राहिली, वेळच्या वेळी जेव.

मग रोज रात्री नऊला फोन. ‘जेवलंस काय गो?’ ‘होय आये, जेवलंय.’ की आई निवांत. कुडाळात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात लंडनला दुपारचे साडेतीन झालेले असतात. म्हणजे आई विचारत होती ते दुपारच्या जेवणाबद्दल, आणि तेच जेवण पोरीने पहिल्या पंधरवड्यात बंद केलं होतं. तीन महिन्यांनी मोबाईलवर तिची बसलेली गालफडं पाहून आम्ही खोदून विचारलं, तेव्हा हे कळलं. थंडगार सँडविच घशाखाली उतरत नव्हतं आणि त्याची किंमत मनातल्या मनात रुपयांत केली की उरलेली भूकही मरत होती. वर आम्हालाच म्हणाली, ‘बाबासाहेबांनी नाय दिस काढल्यांनी पावाच्या तुकड्यार?’

आम्ही गप्प झालो. ही गोष्ट तिला आम्हीच शिकवलेली. दर जयंतीला मुलांना सलग अठरा तास अभ्यासाला बसवतो आणि भाषणात सांगतो, बाबासाहेब उपाशी राहून शिकले. सांगतो ते खोटं नाही. पण अर्धंच सांगतो.

१९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांचं वय २२ होतं. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात त्यांची सोय झाली. तिथलं अन्न नीट शिजवलेलं नसे, त्यात बहुतेक गोमांसाचे पदार्थ. ते त्यांना रुचेना. मग त्यांनी काय केलं? व्रत म्हणून सोसत बसले नाहीत. साधारण आठवड्याभरात तिथून उठले आणि भारतीय विद्यार्थी राहत होते त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. परक्या मुलखात पोहोचल्यावर त्यांनी आधी खाण्याची जागा बदलली आणि मग जिवाभावाचा सोबती जोडला. हे आपण भाषणात का सांगत नाही, कोण जाणे.

बडोद्याची शिष्यवृत्ती महिन्याला ११.५० पौंड. त्यातच खायचं, पुस्तकं घ्यायची आणि रमाईंना घरखर्चही पाठवायचा. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून घेतलेलं कर्ज यांच्या जोरावर. तिथली घरमालकीण हात आखडून वाढणारी. सकाळी चहा, पाव आणि मासळीचा लहानसा तुकडा. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. रात्री पोटात कावळे ओरडू लागले की ओळखीच्यांनी दिलेल्या पापडांतले चार भाजायचे आणि त्यावर कपभर दूध. ही गरिबी होती. खिशात पैसे असते तर बाबासाहेब पोटभर जेवले असते, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही.

पुढे मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने त्यांना फार छळलं, आणि ६५ व्या वर्षी ते आपल्याला सोडून गेले. लंडनच्या उपासामुळेच हे झालं असं आम्ही म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण त्यांची उपासमार पोरांपुढे आदर्श म्हणून ठेवायची नाही, एवढं आम्ही या पानापुरतं ठरवलंय. आजच्या शिष्यवृत्तीत निर्वाहाचे पैसे असतात ते खाण्यासाठीच.

पण आमच्या मुलीच्या उपाशी राहण्याला पैसा हे एकच कारण नव्हतं. दुसरं तिने फार उशिरा सांगितलं.

पहिल्या महिन्यात तिला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की वर्गात, दुकानात, बसमध्ये कोणी आडनावाच्या मागे लागत नाही. छाती हलकी झाली, झोप लागायला लागली, म्हणाली. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलंय, की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती, बडोद्याला परतल्यावर राहायला जागा शोधताना ती परत आली. आमच्या मुलीला त्यासाठी परतावंही लागलं नाही. भाड्याच्या घरात सामायिक स्वयंपाकघर, आणि तिथे आपल्याच देशातली मुलं. ‘पूर्ण नाव काय?’ ‘गाव कुठलं? गावात कुठे?’ ‘घरी कुठला देव?’ तीनदा विचारून झाल्यावर एकाने आपली भांडी वेगळ्या फळीवर नेऊन ठेवली. कोणी शिवी दिली नाही, काही नाही. त्या दिवसापासून ती चुलीपाशी जायची बंद झाली. खोलीत बसून बिस्किटं खायची.

भूक अशीही मरते. वजन काट्यावर दिसतं, हे दिसत नाही.

शेवटी चक्कर आली तेव्हा ती डॉक्टरकडे गेली. विलायतेत विद्यार्थ्याला व्हिसाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरावा लागतो, २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड. एवढे भरल्यावर तिथल्या सरकारी डॉक्टरकडे तपासायला वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त पोहोचल्याबरोबर जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवायचं. हिने तीन महिने नोंदवलंच नव्हतं, आजारी कुठे होते म्हणे! रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९८. आई खूश झाली, ‘अठ्ठ्याण्णव? मगे बराच आसा!’ तिथे ते लिटरमागे मोजतात, बायांनो. तिथला ९८ म्हणजे आपल्याकडचा ९.८. बाईमाणसाला १२ तरी हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबाच्या किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घ्याव्यात.

दुसरी गोष्ट उन्हाची. डिसेंबरात लंडनला चारच्या आधीच सूर्य मावळतो. ‘चार वाजता दिवे लावूचे लागतत,’ हे तिचं पहिल्या हिवाळ्यातलं वाक्य. एवढ्या अंधारात कोणाचंही मन खचतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व तयार करायला ऊन जास्त लागतं. म्हणून तिथलं आरोग्य खातं हिवाळ्यात सगळ्यांनाच आणि सावळ्या लोकांना बारा महिने रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिटची गोळी सुचवतं. आपल्याकडची ६०,००० युनिटची पुडी बॅगेत भरून देऊन ‘रोज घे’ म्हणू नका. ती डॉक्टरने सांगितल्याशिवाय घ्यायची नसते.

जाण्याआधीचं एक. सहा महिन्यांहून जास्त काळासाठी विलायतेला जाणाऱ्या भारतीयाला क्षयाची तपासणी करावी लागते, तीही ठरवून दिलेल्या केंद्रातच, छातीचा फोटो काढून. फोटोत काही निघालं तर वस्तीत लपवाछपवी करू नका. क्षय औषधाने बरा होतो. गोळ्या पुऱ्या करा, जाणं थोडं लांबेल एवढंच.

आणि मुलगा असो की मुलगी, निघण्याआधी भात, डाळ, पिठी, अंड्याची पोळी एवढं करता आलंच पाहिजे. मुलांच्या आयांना हे मुद्दाम सांगतोय. कुळीथ, भाजणी, कोकम द्या. पण विलायतेत मांस आणि दूध-तुपाच्या वस्तू नेऊ देत नाहीत, आणि इतर देशांचे नियम वेगवेगळे, ते आधी वाचून घ्या. तिथे मसूर, अंडी, दूध, ओट्स, गोठवलेले मटार स्वस्त मिळतात. आणखी एक चीज मिळते, डब्यातला बांगडा. आपल्या बांगड्याचा तो थंड पाण्यातला भाऊबंद. त्यात ड जीवनसत्त्वही असतं.

विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंना मुलीने सगळं सांगितलं. ते सांगायला तिला दोन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला नुसतीच रडून आली. आता तिने घर बदललंय. नव्या घरात केनियाची एक मुलगी आहे, रविवारी दोघी मिळून रांधतात. ती फळी, ती भांडी अजून कधी कधी आठवतात, असं ती म्हणते.

आईचा फोन नऊलाच असतो, प्रश्न मात्र बदललाय: काय रांधलंस, कोणाबरोबर जेवलंस? परवा तिने मोबाईल टोपावर धरला. डब्यातल्या बांगड्याचं तिखलं, कोकम घातलेलं, नारळाऐवजी टोमॅटो. केनियाच्या मुलीने दोनदा भात घेतला. आई बराच वेळ टोपाकडे बघत राहिली आणि म्हणाली, तिरफळां घालूक होयी होती.