पापणीवरचा जांभळा रंग

जमिनीवर मांडी घालून बसलेली सात वर्षांची मुलगी उठताना आधी ओणवी होते, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकवत स्वतःलाच वर ढकलते. घरचे म्हणतात, आळशी झालीय. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर लालसर खवले दिसतात. त्यावर अ‍ॅलर्जीचं मलम लावलं जातं. इथेच महिने वाया जातात.

या आजाराचं नाव ज्युव्हेनाइल डर्माटोमायोसायटिस. दरवर्षी दहा लाख मुलांमागे साधारण 2 ते 4 जणांना होणारा. शरीराची प्रतिकारशक्तीच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते आणि त्वचा व स्नायू सुजतात. खांदे, मांड्या आधी थकतात. गिळायचे स्नायू दुबळे झाले, आवाज नाकातून येऊ लागला किंवा पाणी पिताना ठसका लागू लागला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

कॅल्सिनोसिस ही त्रासदायक गुंतागुंत. कातडीखाली कॅल्शियमचे खड्यांसारखे कडक गोळे साचतात, कधी फुटून खडूसारखा पांढरा चिकटा बाहेर येतो. उपचाराला जितका उशीर, तितका याचा धोका जास्त.

स्टेरॉइड येण्यापूर्वी सुमारे एक तृतीयांश मुलं दगावत. आज स्टेरॉइडसोबत सुरुवातीपासूनच मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध देतात. गरज पडल्यास शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं. स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, भूक वाढते. ते पाहून घाबरून गोळ्या परस्पर बंद करणारे पालक असतात; हे फार महागात पडतं. सोबत फिजिओथेरपी हवीच. आणि ऊन टाळायचं: टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, कारण उन्हाने पुरळ आणि आजार दोन्ही उसळतात.