उतारवयातील औषधोपचार आणि आयुष्मान वय वंदना कार्ड

पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात वृद्ध माणसाचा पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि एका सकाळीत घरातील सारे हिशोब बदलून जातात. शस्त्रक्रिया लांबणीवर टाकता येत नाही. मुलगा बोटीवर किंवा आखातात, घरात सोने बेताचे. मग कुळागराचा तुकडा विकावा की ठेवावा, हा प्रश्न इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून सोडवावा लागतो. असा प्रसंग येण्यापूर्वीच करून ठेवता येईल अशी एक तजवीज आता उपलब्ध असून तिची माहिती गावोगावच्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजना २०१८ मध्ये सुरू झाली, ती गरीब कुटुंबांसाठी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून मात्र वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, तिचा लाभ खुला करण्यात आला. अशा व्यक्तीस आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेच्या यादीतील रुग्णालयात विनामूल्य होतात. घरात पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढील असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते, हे ध्यानी ठेवावे. जे कुटुंब पूर्वीपासून योजनेत आहे, तेथील वृद्धांना ही रक्कम वेगळी मिळते. तीत तरुणांचा वाटा नसतो. जुना मधुमेह वा हृदयविकार असला तरी अडचण नाही, कारण थांबण्याची मुदतच नाही. कार्ड देशभर चालते. त्यामुळे उपचारांसाठी बेळगावास जाणाऱ्या गोमंतकीयांनाही, तेथील रुग्णालय यादीत असल्यास, त्याचा उपयोग होईल.

खरी अडचण येते ती कागदपत्रांची. वय ठरते आधार कार्डावरून. आज सत्तरी ओलांडलेले गोमंतकीय पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. त्यांच्या जन्माच्या नोंदी त्या भाषेत, त्या वळणाच्या स्पेलिंगात. ‘शंकर’ हे नाव तेथे ‘एक्स’ अक्षराने सुरू झालेले आढळते. पुढे कोणी शाळेच्या दाखल्यावरून, कोणी नुसत्या अंदाजाने वय सांगून आधार काढले. परिणामी चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस कागदावर अडुसष्टाचा राहतो आणि योजनेबाहेर पडतो. आधारवरील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते. म्हणून जन्मनोंदीचा अधिकृत उतारा हाती आल्यावरच दुरुस्तीस जावे. हे काम काही आठवड्यांचे आहे, आजारी माणसाला खाटेवर ठेवून करण्याचे नव्हे. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेले असल्यास मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक, डोळ्याची बाहुली वा चेहरा यांवरूनही ओळख पटविता येते. अशा वेळी गावातील शिक्षकांनी व पंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी अर्धा तास दिला तरी पुष्कळ काम होईल.

कार्डाची मर्यादाही स्पष्ट समजून घ्यावयास हवी. ते इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस त्यात धरले जातात. रोजची रक्तदाबाची गोळी, डॉक्टरची नेहमीची तपासणी, चष्मा यांचा भार ते उचलत नाही. आणि वृद्धांच्या मिळकतीला दरमहा गळती लागते ती नेमकी येथेच. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र व जनऔषधी केंद्र यांचाच आधार घ्यावा. जनऔषधी केंद्रातील बहुतेक औषधे नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

साठ ते सत्तर ही वर्षे मात्र अवघड. गोव्यात पाच वर्षे वा अधिक काळ राहणाऱ्यांना २०१६ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. खाजगी विमा घेणाऱ्यांसाठीही नियम काहीसे सैल झाले आहेत. पासष्टीनंतर नवा विमा नाकारण्याची वयाची अट एप्रिल २०२४ पासून राहिली नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा झाल्यास कंपनीला २०२५ पासून विमा नियामकाशी आधी विचारविनिमय करावा लागतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर उठला आहे. तरीही हप्ता जड जातोच. तो कमी व्हावा म्हणून जुना आजार लपविण्याचा सल्ला एखादा एजंट देतो. तो मानू नये, कारण दावा फेटाळला जातो तो याच कारणाने.

खाजगी विमा असलेल्यांनाही सत्तरीनंतर वय वंदना कार्ड घेता येते. केंद्र सरकारची आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना ज्यांना लागू आहे, त्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते. कार्ड काढण्याची सोय यादीतील रुग्णालयांत व मोबाईलवरील आयुष्मान ॲपवर आहे. चौकशीसाठी १४५५५ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. रुग्णालयात पोहोचताच, कोणतीही रक्कम भरण्यापूर्वी, कार्ड तेथील आरोग्यमित्राकडे द्यावे. आधी खर्च करून मागाहून परतावा मागण्याची या योजनेची रीत नाही.