धुतलेल्या चाकावरचे डाग

दिवाळीच्या तोंडावर घराची आवराआवर उरकली की मोर्चा गाडीकडे वळतो. गाडीत सर्वांत जास्त घाम काढतात ती चाकं, आणि त्यातही कंपनीची साधी चाकं उतरवून हौसेनं बसवून घेतलेली अलॉय. धुऊन-पुसून झाल्यावर ती झकास दिसतात. तासाभरानं उन्हात पाहावं, तर आऱ्यांवर पांढरे ठिपके, नटांच्या खोबणीतून कडेकडे गेलेले तपकिरी ओघळ आणि मध्येच एखादा ढगाळ पट्टा. मग पुन्हा बादली, पुन्हा शॅम्पू. त्यानंही भागलं नाही की संडास घासायचं ॲसिड बाहेर येतं. चाकांची खरी वाट लागते ती इथे. वास्तविक धुतल्यावर दिसणारा डाग हा पुष्कळदा राहून गेलेला मळ नसतोच. तो धुण्यातूनच तयार झालेला असतो.

पांढऱ्या ठिपक्यांचं कारण नळात आहे, म्हणजे खरं तर बोअरमध्ये. जमिनीखालून, खडकाच्या भेगांमधून मुरत आलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच हा थर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिणाऱ्याला ही सवलत ठीक आहे. काळ्या चकचकीत चाकावर मात्र हे पाणी वाळलं की दुरूनही दिसतं. धरणाचं पाणी बहुधा सौम्य असतं, त्यामुळे त्याच शहरात एका सोसायटीतल्या चाकांवर डाग पडतात आणि टँकर न लागणाऱ्या शेजारच्या सोसायटीत पडत नाहीत.

त्यात भर घालते आपली काटकसर. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून बादलीत साठवायचं आणि गाडीला वापरायचं, अशी सूचना अनेक सोसायट्यांच्या फलकांवर असते. हेतू चांगलाच आहे. पण यंत्रानं पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार याच पाण्यात जाऊन बसलेले असतात. या पाण्यानं पायऱ्या धुवाव्यात, फरशी पुसावी, फार तर चाकांवरचा पहिला चिखल काढावा. शेवटचा हात मात्र याचा नको. त्यासाठी एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी धरून ठेवा. ते हवेतल्या बाष्पाचं झालेलं पाणी असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. चार चाकांवरून शेवटी फिरवायला अर्धी बादली पुरते.

ठिपके ताजे असतील तर उपायही स्वयंपाकघरातला. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडकं भिजवायचं, डागावर मिनिटभर धरायचं आणि लगेच भरपूर पाण्यानं धुऊन कोरडं करायचं. क्षार आम्लात विरघळतात. मात्र चाक गार हवं आणि गाडी सावलीत हवी. नुकत्याच बाहेरून आलेल्या गाडीच्या तापलेल्या चाकावर काहीही ओतलं तरी ते पुसण्याआधीच वाळतं आणि नवा डाग देऊन जातं. व्हिनेगरनं न हलणारे ठिपकेही असतात. पाण्यातली सिलिका त्याला दाद देत नाही; ती पॉलिशनं घासूनच काढावी लागते.

तपकिरी ओघळांची गोष्ट वेगळी. पुढची चाकं मागच्यांपेक्षा लवकर काळवंडतात हे गाडीवाल्यांना ठाऊक असतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतात आणि मागे ड्रम. ब्रेक दाबला की पॅड आणि बिडाची डिस्क एकमेकांवर घासतात आणि लोखंडाची तापलेली भुकटी चाकाच्या आतल्या बाजूला उडते. तिचे कण वरच्या पारदर्शक थरात रुततात आणि ओल मिळाली की गंजतात. ड्रममधली भुकटी बरीचशी आतच राहते. घाट उतरताना खालच्या गिअरवर न उतरता सतत ब्रेकवर पाय ठेवणारा चालक स्वतःच्या पैशानं घेतलेली चाकं स्वतःच रंगवत असतो, असं म्हणायला हरकत नाही.

धुताना या भुकटीचं पाणी नटांच्या खोबणीत, मधल्या टोपीमागे, आऱ्यांच्या पाठीमागे साचतं. तिथं फडकं पोहोचत नाही. गाडी हलली की ते फिरत्या चाकाबरोबर बाहेरच्या कडेकडे फेकलं जातं. म्हणूनच ओघळ खाली न जाता सूर्यकिरणांसारखे मधून बाहेर गेलेले दिसतात. शिवाय ओली डिस्क तास-दोन तासांत गंजाचा पातळ नारिंगी थर धरते आणि पहिल्या ब्रेकला तोही उडतो. उपाय अगदी सोपा आहे: धुऊन झाल्यावर गाडी कंपाउंडमध्येच हळू फिरवायची, दोन-तीनदा हलके ब्रेक मारायचे आणि मग चाकांवरून कोरडं फडकं फिरवायचं. वॉशिंग सेंटरवर एवढं कोणी करत नाही. मागे रांग लागलेली असते.

रुतून बसलेल्या लोखंडावर शॅम्पूचं काही चालत नाही. त्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचा फवारा मिळतो. त्यात थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो; ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करण्यासाठी वापरतात त्याच घराण्यातला. फवारताना हा द्रव जवळजवळ बिनरंगी असतो. अर्ध्या-एक मिनिटात जिथं लोखंडाचा कण, तिथं जांभळा ठिपका उमटतो, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चाकावरून वांगी रंगाचे ओघळ जमिनीवर येतात. पाहायला मजा वाटते, वास मात्र सडक्या अंड्यांचा. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, मऊ ब्रशनं हलवत तीन-चार मिनिटं ठेवायचं आणि वाळायच्या आत धुऊन टाकायचं. जांभळा रंग उमटलाच नाही तर डाग लोखंडाचा नाही; मग जास्त फवारून बाटली रिकामी करण्यात अर्थ नाही. डांबराचे काळे ठिपके यानं जात नाहीत. त्यांना टार रिमूव्हर लागतो, आणि तोही फडक्यावर घेऊन. डिस्कवर तेलकट काही उडालं तर प्रश्न चाकाच्या शोभेचा न राहता ब्रेकचा होतो.

तिसरा डाग, तो ढगाळ पट्टा, सगळ्यांत वाईट. अ‍ॅल्युमिनियमचं संरक्षण करतो तो त्याच्याच ऑक्साइडचा, डोळ्यांना न दिसणारा अतिपातळ थर. हा थर आम्लातही विरघळतो आणि तीव्र अल्कलीतही. म्हणजे संडासाचं ॲसिडही नको आणि कॉस्टिकवालं डीग्रीझरही नको. ॲसिडनं क्रोम उखडतं, कॉस्टिकनं उघडं अ‍ॅल्युमिनियम पांढुरकं, खडूसारखं होतं. काही स्वस्त व्हील क्लीनरमध्ये तर फ्लोराइडवर्गातली आम्लं असतात. ती चाकं झटकन उजळवतात खरी, पण हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करू शकतं, आणि सुरुवातीला त्याची वेदनाही जाणवेलच असं नाही. वॉशिंग सेंटरवर उघड्या हातांनी बिनलेबलच्या कॅनमधलं पाणी फवारणारा पोरगा दिसला, तर चाकांच्या आधी त्याच्या हातांचा विचार करावा. कॅनमध्ये काय आहे हे विचारायला संकोच कसला?

पट्टा क्षारांचा की करपलेल्या धातूचा, हे ओळखायला व्हिनेगरचंच फडकं कामी येतं. पुसून कोरडं केल्यावर डाग गेला तर तो पाण्याचा होता. पाणी लावल्यावर लपला आणि वाळताच पुन्हा जसाच्या तसा हजर झाला, तर बहुधा पृष्ठभागच खाल्ला गेला आहे. आता काढायला वर काही नाही. घासून खालचा शाबूत थर वर आणावा लागणार.

घासण्याआधी मात्र चाकाची कातडी कोणती ते कळायला हवं. १९२४ साली बुगाटी कंपनीनं आपल्या टाइप ३५ या गाडीला ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं दिली, तेव्हा हा प्रश्न नव्हता. आता पुण्याजवळ शिक्रापूरलाही एन्केईसारख्या कंपनीची अ‍ॅल्युमिनियम चाकं तयार होतात आणि बाजारात पॉलिश, क्रोम, मॅट, पावडर कोटिंग, अ‍ॅनोडाइज्ड असे नाना प्रकार आहेत. चाचणी एका मिनिटाची आहे: आतल्या, न दिसणाऱ्या कडेला मेटल पॉलिशचा थेंब लावून पांढऱ्या कापडानं चोळा. कापड काळं झालं तर धातू उघडा आहे, त्याला अ‍ॅल्युमिनियमचं पॉलिश चालेल. पांढरंच राहिलं तर वर बहुधा पारदर्शक थर आहे. त्याला गाडीच्या रंगाचं सौम्य पॉलिशच द्यावं, पितळेची भांडी घासायचं काही नको. मॅट चाकाला तर कुठलंच पॉलिश नको. घासलेला तेवढाच भाग चमकेल आणि मूळचा डाग परवडला असं वाटेल.

आपल्या सणांचे डागही असतात. दसऱ्याला चाकावर लावलेली हळद दिवाळीपर्यंत पिवळी खूण ठेवते. साबणानं घासली की ती लाल होते, आणि कुंकू उतरलंय असं वाटून माणूस आणखी जोरात घासतो. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, एवढंच. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. अशा वेळी काही न करता गाडी काही दिवस उन्हात उभी करावी. हळदीचा रंग उन्हात विटतो.

डायमंड कट चाकांचं दुखणं आणखी निराळं. यांचा दर्शनी भाग लेथवर कातून चकचकीत करतात आणि त्यावर लॅकर देतात. फुटपाथची कड लागून लॅकरला चीर पडली की ओलावा आत शिरतो आणि पांढऱ्या, अळीसारख्या नागमोडी रेषा पसरू लागतात. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, त्या लवकर वाढतात. डाग काचेमागे असावा तसा लॅकरच्या खाली असल्यामुळे वरून काही लावून उपयोग नाही. लॅकर काढून, पुन्हा कातून, नवीन थर द्यावा लागतो. पण दर वेळी धातू थोडा पातळ होत असल्यानं हे वारंवार करता येत नाही. दुसरा मार्ग सरसकट पावडर कोटिंगचा. ती पावडर साधारण १८० ते २०० अंशांना भट्टीत भाजतात, आणि चाकाची ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेवर अवलंबून असते. म्हणून भट्टीचं तापमान किती आणि वेळ किती, हे नेमकं सांगू न शकणाऱ्या दुकानात चाक सोडू नये. आणि एखादीच रेष असेल, चीर लहान असेल, तर तेवढं चाक पावसाळ्याआधी दाखवलेलं बरं. चारही एकदम उतरवायची गरज नसते.