औषध श्वासातून

दमा असलेला माणूस तोंडाशी लहानसा पंप धरून औषध ओढतो, हे तुम्ही पाहिले असेल. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते आणि साऱ्या शरीरभर फिरते. पण आजार फक्त फुप्फुसात असेल तर? उर्दूत ज्याला तुम्ही फेफडा म्हणता, तेच हे फुप्फुस. मग औषध सरळ तिथेच का पाठवू नये? पेंटामिडीन या औषधाच्या बाबतीत डॉक्टरांनी हेच करून पाहिले.

पेंटामिडीन हे परजीवींवरचे जुने औषध आहे. दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावरच जगणारा जीव म्हणजे परजीवी. आफ्रिकेतील निद्रारोग आणि बिहारमधील काळा आजार असल्याच परजीवींमुळे होतात. (यातला 'आजार' हा शब्द मूळ फारसी आहे. तुमच्या उर्दूतही तो आहे आणि मराठीत तर रोजचाच झाला आहे.) या रोगांवर पेंटामिडीनची इंजेक्शने देत असत.

अमेरिकेत हे औषध फारसे लागत नसे. ते अटलांटा शहरातील सरकारी रोगनियंत्रण केंद्रातूनच मिळे. १९८१ साली तेथील कर्मचारी सँड्रा फोर्ड यांच्या लक्षात आले, की तरुण रोग्यांसाठी या औषधाची मागणी एकाएकी वाढली आहे. हे तरुण न्यूमोसिस्टिस नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या न्यूमोनियाने आजारी होते. त्यांची रोगप्रतिकारशक्तीच नाहीशी झाली होती. पुढे या रोगाला एड्स हे नाव मिळाले. न्यूमोसिस्टिस हा परजीवी प्राणी आहे असे तेव्हा मानत. तो खरे तर बुरशीच्या कुळातला आहे, हे १९८८ मध्ये दिसून आले.

इंजेक्शनने रोगी वाचत, पण काहींचा रक्तदाब एकदम उतरे, मूत्रपिंडे बिघडत, रक्तातील साखर धोकादायक रीतीने कमीजास्त होई. शिवाय बरा झालेला न्यूमोनिया पुन्हा उलटे. तो उलटू नये म्हणून असले इंजेक्शन कायम कसे देणार?

यावर नेब्युलायझर हे यंत्र उपयोगी पडले. ते औषधाच्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार बनवते. सर्दीत आपण घेतो तो वाफारा निराळा. येथे पाणी तापवत नाहीत. खरी कसोटी तुषारांच्या आकाराची असते. मोठे थेंब घशात आणि श्वासनलिकेतच अडकतात. एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे तुषार मात्र फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. न्यूमोसिस्टिस राहतो तोही तिथेच.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ४०८ रोग्यांवर हा प्रयोग झाला. दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम औषध अर्धा-पाऊण तास हुंगल्यास न्यूमोनिया बराच टळतो, असे दिसले. औषध रक्तात फारच थोडे उतरत असल्याने इंजेक्शनचे बहुतेक त्रासही टळले. १९८९ मध्ये अमेरिकन सरकारने या पद्धतीला परवानगी दिली.

पण थेट पाठवलेले औषध सगळीकडे सारखे पोहोचते असे समजू नका. बसून श्वास घेताना फुप्फुसाच्या वरच्या भागात ते कमी जाते, आणि काही रोग्यांना न्यूमोनिया झाला तो नेमका तिथेच. फुप्फुसाबाहेर दडलेल्या जंतूंना तर या औषधाची झळही लागत नाही. औषध ओढताना खोकल्याची उबळ येते. रोग्याला क्षय असला, तर त्या खोकल्याबरोबर क्षयाचे जंतू खोलीभर उडतात. म्हणून हवा बाहेर ओढून घेणाऱ्या वेगळ्या खोलीत हे उपचार करावे लागतात.

पुढे को-ट्रायमॉक्साझोल ही साधी, स्वस्त गोळी हा न्यूमोनिया टाळण्यात पेंटामिडीनपेक्षा सरस ठरली. ती साऱ्या शरीरात फिरते, हाच येथे तिचा गुण. आज आधी तीच देतात. परंतु त्या गोळीने काहींच्या अंगावर पुरळ उठते, काहींच्या रक्तातील पेशी कमी होतात. अशा रोग्यांना आजही महिन्यातून एकदा नेब्युलायझरसमोर बसवून पेंटामिडीन देतात.