आपलं कॉलेज कधी होतं?

पवईच्या आय.आय.टी.तली मुलं वसतिगृहात राहतात. एका ताटात जेवता जेवता ओळखी होतात. पार्ल्याचं साठ्ये, मुलुंडचं वझे किंवा घाटकोपरशेजारचं सोमय्या इथली बहुतेक मुलं मात्र लोकलनं येतात आणि तास संपले की लोकलनं परततात. विद्याविहार स्टेशनला तर नावच सोमय्यांच्या शिक्षणसंकुलावरून मिळालं. त्यात २००९ पासून मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. यादीत नाव लागेल तिथं जायचं. शाळेतला सोबती अंधेरीला, आपण मुलुंडला. अशा मुलाला 'हे माझं कॉलेज' असं कधी वाटतं?

मी बरीच वर्षं एकांकिकांच्या तालमींना बसत आलो आहे. उत्तर मला तिथं दिसलं. पहिल्या वर्षाच्या मुलाला भूमिका क्वचितच मिळते. त्याच्या वाट्याला येतं नेपथ्य उचलणं, प्रॉपर्टी सांभाळणं, चहा आणणं. पण आय.एन.टी.सारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सेट लावायला वेळ मोजून मिळतो. अंधारात कोणती लेव्हल कुणी, कुठं ठेवायची हे पक्कं असतं. एक जण आला नाही तर सगळं अडतं, आणि त्याच्या घरी लगेच फोन जातो. वर्गातल्या शंभर जणांत गैरहजर राहिलं तर फार तर हजेरी बुडते!

बदलापूरहून येणारा एक मुलगा आठवतो. घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. बोलण्यात गावाकडची ढब, म्हणून वर्गात गप्प. दिवाळीनंतर कॉलेज सोडणार होता. त्याच्या हाती प्रॉम्प्टिंगची वही आली. महिन्याभरात अख्खी संहिता तोंडपाठ, आणि एका पात्राची बोली तर त्यानंच दुरुस्त केली.

सगळं गोडच असतं असं नाही. ग्रुप जमला की दार लावून घेतो, ७५ टक्के हजेरीचा नियमही आडवा येतो. नाटक न आवडणाऱ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना आहे, १९६९ पासून. वर्षाला १२० तास काम आणि खेड्यात सात दिवसांचं शिबिर. तिथं पन्नास जणांचा भात एकदा करपला, की पुढं ओळख करून द्यावी लागत नाही.

तो बदलापूरचा मुलगा आता नोकरी करतो. शनिवारी ऑफिस सुटलं की वडापावची पिशवी घेऊन तालमीला येतो, आणि नव्या पोरांना पहिलं विचारतो, "कुठल्या स्टेशनला उतरतोस रे?"