पन्नास हजारांच्या आतलं बिल

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यातलं तिगावसारखं एखादं मोठं गाव धरा. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंधार असतो म्हणून ग्रामपंचायतीला चाळीस पथदिवे घ्यायचे आहेत. एका दिव्याचा भाव १,८०० रुपये धरला, तर ७२,००० रुपये होतात. सरपंच आणि सचिव यांच्यापुढे पहिला प्रश्न दिवा कोणत्या कंपनीचा घ्यावा हा नसतो. ७२,००० रुपये नियमाच्या कोणत्या पायरीवर बसतात, हे आधी पाहावं लागतं. ते ठरलं की कोणाला विचारायचं, किती जणांकडून भाव घ्यायचे, किती दिवस थांबायचं हे सगळं आपोआप ठरतं.

सरकारी खरेदीच्या मूल्यमर्यादा म्हणजे याच पायऱ्या. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, राज्याचे भांडार खरेदी नियम, पंचायतीचे नियम आणि रेल्वेची संहिता यांतले आकडे वेगवेगळे आहेत, पण सांगाडा एकच. म्हणून इथे उदाहरणाला केंद्राचेच आकडे घेऊ.

२०१७ च्या केंद्रीय नियमांत पहिली पायरी २५,००० रुपयांची होती. तेवढ्यापर्यंत कोटेशन न घेता वस्तू आणता येत असे. ही मोकळीक वाटते तेवढी मोकळी नाही. खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागतं की माल योग्य दर्जाचा आहे, विश्वासू पुरवठादाराकडून घेतला आहे, भाव वाजवी आहे आणि याबद्दल माझी व्यक्तिशः खात्री आहे. उद्या प्रश्न आला तर उत्तर त्या एकाच माणसाला द्यायचं. पुढची पायरी अडीच लाखांपर्यंतची होती. तिथे तीन जणांची समिती बाजारात फिरून भाव, दर्जा आणि पुरवठादार पाहते आणि तिघंही सही करतात. त्यावर २५ लाखांपर्यंत ठरावीक पुरवठादारांना बोलावून मर्यादित निविदा आणि त्याच्याही वर सर्वांसाठी खुली, जाहिरात देऊन काढलेली निविदा होती. पायरी चढत गेलात की रक्कम वाढते खरी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या खरेदीवर पडणारे डोळे वाढतात.

सगळ्याच खरेदीला निविदा का नको, असं एखादा विचारील. कारण निविदा फुकट होत नाही. कागद तयार करायचे, जाहिरात द्यायची, भाव भरायला साधारण किमान तीन आठवडे द्यायचे, मग उघडायचं, तपासायचं, हरलेल्याच्या तक्रारीला उत्तर द्यायचं. तीन हजारांच्या फिनाईलसाठी एवढं केलं तर फिनाईलपेक्षा कागदच महाग पडेल. मर्यादा म्हणजे कागदाचा खर्च आणि चोरीचा धोका यांच्यात कुठेतरी ओढलेली रेघ. ती नेमकी कुठे ओढायची याचं शास्त्र नाही. अंदाज आहे, सोय आहे आणि थोडं राजकारणही आहे.

रेघ एकदा ओढली की ती जागची हलायला फार वेळ घेते, महागाई मात्र थांबत नाही. केंद्राच्या २००५ च्या नियमांत कोटेशनविना खरेदी १५,००० रुपयांपर्यंत होती आणि समितीमार्फत एक लाखापर्यंत. बारा वर्षांनी हे आकडे २५,००० आणि अडीच लाख झाले. मर्यादित निविदेचे २५ लाख मात्र २००५ मध्ये होते तेवढेच २०१७ मध्ये राहिले. म्हणजे नियमाचा शब्दही न बदलता ही पायरी दरवर्षी थोडी थोडी खाली उतरत होती आणि पूर्वी जी खरेदी मर्यादित निविदेत बसायची ती खुल्या निविदेत जात होती. नंतर मर्यादा वाढल्या. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनविना खरेदीची सीमा एक लाखावरून दोन लाख केली गेली, कारण प्रयोगशाळेत लागणाऱ्या एका छोट्या सुट्या भागासाठी संशोधन आठवडेच्या आठवडे अडून राहायचं.

आता आपल्या दिव्यांकडे येऊ. २४ एप्रिल २०२३ रोजी, राष्ट्रीय पंचायती राज दिनी, रीवा इथल्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी पंचायतींच्या हिशोबाचं ई-ग्रामस्वराज पोर्टल आणि जेम ही सरकारी ऑनलाइन बाजारपेठ यांची जोडणी सुरू केली. तेव्हापासून पंचायतीला ई-ग्रामस्वराजच्या वाटेने जेमवर माल घेता येतो. जेमवर ५०,००० रुपयांपर्यंत दर्जा आणि पुरवठ्याची मुदत जमत असेल तर कोणत्याही विक्रेत्याकडून थेट मागणी नोंदवता येते. त्याहून जास्त आणि दहा लाखांपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वात कमी भावाचा घ्यावा लागतो. दहा लाखांच्या वर बोली किंवा उलटा लिलाव, म्हणजे भाव खाली उतरवत न्यायची चढाओढ.

चाळीस दिवे ७२,००० चे. म्हणजे तीन उत्पादकांची तुलना आली. पण कोणी वीस दिवे मंगळवारी मागवले आणि वीस शनिवारी, तर? ३६,००० ची दोन बिलं. दोन्ही ५०,००० च्या आत, दोन्ही थेट. तुलना नाही आणि ज्याच्याकडून घ्यायचे मनात होते त्याच्याकडूनच दिवे आले. खरेदीच्या फाइलीत सर्वात जुनी युक्ती हीच, आणि नियम करणाऱ्यांना ती ठाऊक आहे. केंद्राच्या नियमांतला १५७ वा नियम सांगतो की तुलना, बोली किंवा वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी टाळण्यासाठी एका मागणीचे तुकडे करू नयेत.

खरी अडचण इथून पुढे. एक मागणी म्हणजे काय? पंचायतीला वर्षभर ब्लीचिंग पावडर लागते. ती एकदम आणून ठेवली तर गोदामात तिचा जोर जातो, म्हणून दर महिन्याला थोडी आणतात. ते तुकडे पाडणं म्हणायचं का? वित्त आयोगाचं अनुदानही हप्त्याहप्त्याने येतं. पहिल्या हप्त्यात वीस दिव्यांचे पैसे निघाले, बाकीचे सहा महिन्यांनी घेतले, तर त्यात लबाडी कुठे? नियम १५७ कोणतीही मुदत सांगत नाही. तो हेतूवर बोट ठेवतो, आणि हेतू बिलावर छापलेला नसतो. युरोपीय संघाने याचं उत्तर मुदतीने दिलं आहे. वारंवार लागणाऱ्या वस्तूंची बारा महिन्यांची बेरीज करायची आणि ती मर्यादेशी ताडून पाहायची. मर्यादा मोजायची करासह की कराविना, हेही तिथे ठरलेलं आहे, कर सोडून. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती सचिवाच्या मनात शिरत नाही, फक्त बेरीज करते.

मर्यादा जवळ आली की माणसं कशी वागतात याचा अभ्यास चेक प्रजासत्ताकात झाला आहे. पालगुता आणि पेर्टोल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की मर्यादेच्या जरा खाली बसणाऱ्या कंत्राटांची तिथे नेहमीपेक्षा जास्त गर्दी होते, आणि त्या गर्दीतली कामं मालक कोण हे उघड नसलेल्या कंपन्यांकडे जास्त जातात. आपल्याकडे बांधकामाच्या फाइलींत सीसी रस्त्याचं अंदाजपत्रक १४.९८ लाख असं येतं, तेव्हा जनपद पंचायतीतल्या अनुभवी माणसाला पहिली शंका मोजमापाची येत नाही. १५ लाखांपर्यंतची मंजुरी कोणाच्या हाती आहे, ते तो आधी पाहतो.

तुकडे न करताही मर्यादेला वळसा घालता येतो. एक मार्ग खोट्या स्पर्धेचा. तीन कोटेशनं, तीन लेटरहेड, पण तिन्हींत 'एलईडी' एकाच चुकीच्या पद्धतीने लिहिलेलं आणि भावांत फरक दर वेळी बरोबर शंभर रुपयांचा. दुसरा मार्ग कायदेशीर असूनही वादाचा, दरकराराचा. आधीच ठरलेल्या दराने वस्तू मागवली की नवी निविदा लागत नाही. महाराष्ट्रात तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदेचा दंडक होता. तरी फेब्रुवारी २०१५ मध्ये महिला व बालविकास विभागाने एकाच दिवशी २४ शासन निर्णय काढून सुमारे २०६ कोटींच्या खरेदीला दरकरारावर मंजुरी दिली, त्यावर मोठा गदारोळ झाला. विरोधकांनी घोटाळ्याचा आरोप केला, मंत्र्यांनी तो फेटाळला आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नंतर क्लीन चिट दिली. तीन लाखांचा आकडा गावच्या ग्रामसेवकाला घाम फोडत होता, पण दरकरार असेल तर कोट्यवधींची खरेदी त्याच्या बाजूने निघून जात होती, एवढं त्या वादातून सर्वांना दिसलं.

शिडीच्या अगदी वरच्या टोकाला २०० कोटी आहेत. मे २०२० पासून तेवढ्यापर्यंतच्या केंद्रीय खरेदीला सहसा जागतिक निविदा काढायची नाही. २०२२ च्या संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या व्यापार करारात भारताने पहिल्यांदा सरकारी खरेदीचं दार थोडं उघडलं, तेही २०० कोटींच्या वरच. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात भारत सदस्य नाही, २०१० पासून निरीक्षक आहे.

आता पुन्हा तिगावाच्या जिल्ह्याकडे येऊ. पांढुर्णा २०२३ मध्ये सौंसरसह छिंदवाड्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात नवी कार्यालयं येतात, त्यांना खुर्च्या, कपाटं, संगणक, प्रिंटर लागतात, म्हणजे लहान रकमेच्या खरेदीला ऊत येणारच. गावकऱ्याला आपल्या पंचायतीची खरेदी तपासायची असेल तर पंचायत दर्पण या मध्य प्रदेशच्या पोर्टलवर पंचायतीची देयकं पाहता येतात. तिथे एकेक बिल पाहून काही कळत नाही. एका वर्षातली एकाच पुरवठादाराच्या नावावरची बिलं शेजारीशेजारी मांडायची, तारखा पाहायच्या, मग मर्यादेच्या जरा खाली किती आहेत ते मोजायचं. शंका आली तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून तीन कागद मागावेत: मूळ मागणीपत्र, तुलनेचा तक्ता आणि स्टॉक रजिस्टरचं पान. मागणीपत्रात चाळीस दिवे आणि बिलं वीस-वीसची निघाली, तर मग हेतूची चर्चा करायला हरकत नाही.